नवसीचा विळा लाल का झाला?

विळा हंड्यातून वर आला आणि जमलेल्या माणसांच्या तोंडून एकदमच "आई गं!" असं निघालं.

पातं लाल झालं होतं. आत घालताना ते चकचकीत होतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुंजाराम महाराजांनी विळा उन्हात धरला, सावकाश फिरवला, मग पुढे बसलेल्या बायांच्या नाकाशी नेला. बाया मागे सरकल्या. मागची पोरं बघायला पुढे घुसली. एक म्हातारा तर गावदेवीच्या पायरीवरच आडवा झाला.

"लोहा झूठ नहीं बोलता!" महाराज गरजले. बोईसरला कारखान्यातल्या परप्रांतीय कामगारांमध्ये त्यांची पहिली गादी होती, त्यामुळे अंगात आलं की त्यांचा देव हिंदीतून सुरू व्हायचा आणि हळूहळू मराठीवर यायचा. "लोह म्हणजे शनी. शनी म्हणजे न्याय. गावातली सगळी हत्यारं या तीर्थात बुडाली. कुणाला डाग लागला? नाही! हा एकच विळा रक्त ओकतोय. कुणाचा आहे हा?"

कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. पटांगणाच्या मधोमध नवसी उकिडवी बसली होती. पन्नाशीला आलेली वारली बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हरेश्वर राऊतांच्या गोठ्यासाठी ती रोज दोन भारे गवत कापायची आणि रोज संध्याकाळी दगडावर विळा घासायची.

"भुताळी!" मागून कुणीतरी ओरडलं. तो शब्द एकदा सुटला की आमच्या भागात परत घेता येत नाही. भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरलेल्या बाईला मारलेलं आम्ही ऐकलंय, आणि काहींनी पाहिलंयसुद्धा. पाहणारे नंतर सांगतात, आम्ही मागे उभे होतो.

ही चिंचखाडीची गोष्ट. केळवा-माहीमच्या पट्ट्यातलं, पानमळ्यांवर जगणारं गाव. साल चौऱ्याऐंशी, भाद्रपद महिना. पानवेल म्हणजे इथे लक्ष्मी. मळ्यात चपला घालून जायचं नाही, थुंकायचं नाही, बाईने चार दिवस पाऊल टाकायचं नाही. त्या वर्षी पाऊस हटेना, म्हणून वेलींना कूज लागली. मळेवाल्यांनी मोरचूद आणि चुना कालवून फवारण्यांवर फवारण्या केल्या. वेली तगल्या. मरायला लागलं ते दुसरंच.

आधी राऊतांच्या बावखलात मासे उताणे तरंगले. बावखल म्हणजे मळ्याकडेचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, आणि त्याच पाण्यावर गावची गुरंढोरं, बदकं, कुत्री जगतात. मग बदकं माना टाकून मेली. रात्री बेडकांचा आवाज यायचा, तो थांबला. खंड्या पक्षी काठावरच्या फांदीवर बसून असायचा, तोही दिसेना. दोन शेळ्या गेल्या. मी म्हटलं, पाण्यात काहीतरी आहे, पाणी तपासायला पाठवा. राऊत म्हणाले, "तू गप रे. चार पुस्तकं वाचलीस म्हणून शहाणा झालास काय? लक्ष्मीच्या पाण्याला नावं ठेवतोस?"

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की नवसीच्या शेळ्या ठणठणीत आहेत. तिचं झोपडं ओहळापलीकडे, तिच्या शेळ्या ओहळाचं पाणी पितात. पण एवढं सोपं कोण बोलणार? "आपली मरतात, हिची जगतात," असं विहिरीवर सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पानांच्या करंड्या भरताना तेच, आणि तिसऱ्या दिवशी पुंजाराम महाराजांना बोलावणं गेलं.

महाराज आले ते रामकिसन नावाच्या चेल्याला घेऊन, आणि लोह-परीक्षा मांडून बसले. प्रत्येक घरातून एक हत्यार आलं. रामकिसनने एकेका पात्याला भक्तिभावाने तेल-शेंदूर चोपडला, महाराजांनी मंत्र पुटपुटत ते झेंडूच्या फुलांनी झाकलेल्या तांब्याच्या हंड्यात बुडवलं आणि होतं तसंच बाहेर काढलं. नवसीचा विळा आला तेव्हा महाराजांनी हात वर केला. "संशयिताच्या लोखंडाला देवाचं तेल लागत नाही. राख-चिंचेने शुद्ध कर." रामकिसनने तो आरशासारखा घासला. मग तो बुडला आणि लाल झाला.

"मी कोणाला खाल्ला नाय," नवसी म्हणाली. आवाज इतका बारीक की शेजारच्याला जेमतेम ऐकू जावा. "भाऊ, तुमच्या गोठ्यात इतकी वर्सां गवत टाकतंय मी. तुमच्या वासराला हातानं चारलाय. भाऊ, तुमी तरी सांगा."

हरेश्वर राऊतांनी मान फिरवली. माणूस दुष्ट नव्हता. आजारपणात मजुरांना औषध आणून देणारा माणूस. पण त्या क्षणी त्याने मान फिरवली, आणि अशा मान फिरवणाऱ्यांच्या जिवावरच पुंजारामांचे हंडे भरतात.

"घाबरू नको, माई," महाराज एकदम मऊ झाले. हा सुद्धा धंद्याचा भाग. "मी मारणारा नाही, तारणारा आहे. हेच तीर्थ तांब्याभर प्यायचं. ओकलीस तर भूत बाहेर पडलं, तू मोकळी. नाही ओकलीस तर गाव सोडायचं. देव किती दयाळू आहे बघा!"

"बोला, गावदेवीच्या नावानं..." रामकिसनने सुरुवात केली आणि लोकांनी चांगभलं केलं. हंड्यातून तांब्या भरला. नवसीच्या दोन्ही बाजूंना दोन धडधाकट बाप्ये येऊन उभे राहिले. तिने तांब्या हातात घेतला. काय करणार होती ती? न प्यावं तर तिथेच ठेचतील. तिने डोळे मिटले.

"तो तांब्या खाली ठेवा, बाई. एक थेंब तोंडात जाऊ देऊ नका."

गर्दी फाकली. पुढे राऊतांची बायको मंदा होती, डोळे रडून सुजलेले, आणि तिच्यामागे हातात चामडी पेटी घेतलेला एक बुटका गृहस्थ. पालघरचे जनावरांचे डॉक्टर, नागोराव गव्हाणे. मूळचे परभणीकडचे. मंदाचा लाडका कुत्रा भुऱ्या पहाटेपासून ओकत होता. तिने दूधवाल्याकरवी पालघरला निरोप धाडला होता. डॉक्टर मोटरसायकलवरून आले, पण तोवर भुऱ्या गेला होता. डॉक्टरांनी अंगणातली ओकारी पाहिली, बावखलापर्यंत जाऊन काठ पाहिला, आणि देवळाकडे काय चाललंय ते मंदाकडून कळल्यावर तसेच इकडे धावले होते.

"कोण तू?" महाराजांनी विचारलं.

"जनावरांचा डॉक्टर."

"इथे जनावरांचं काय काम?"

"कोण कोण आहे तेच बघायला आलो."

मागे दोघंतिघं हसली आणि लगेच गप्प झाली. डॉक्टर नवसीपाशी गेले, तिच्या हातातून तांब्या घेऊन त्यांनी तो देवळाच्या कट्ट्यावर ठेवला. ते दोन बाप्ये अडवायचं की नाही या विचारात तसेच उभे राहिले.

"मंदाताई, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. भुऱ्यानं काय ओकलं?"

"हिरवं-निळं. पाण्यासारखं," मंदा म्हणाली. "पोटात कळा येऊन लोळत होता बिचारा. माझ्याकडे बघत होता सारखा."

"आणि बावखलाच्या काठच्या दगडांवर थर कसला?"

"निळाच."

"काय टाकता तुम्ही तिथे?"

"आम्ही काही टाकत नाही तिथे!" राऊत पुढे आले. त्यांना हे फार लागलं. "लक्ष्मीचं पाणी आहे ते. केर टाकू देत नाही मी कुणाला."

"विसर्जन करता ना," मंदा म्हणाली.

"विसर्जन म्हणजे टाकणं नव्हे!"

"कशाचं विसर्जन?" डॉक्टरांनी विचारलं.

राऊत जरा घुटमळले. "औषधाचं. फवारून उरतं ते. वेलीच्या अंगाला लागणारं औषध, ते जमिनीवर ओतलं तर पायदळी जाईल. म्हणून निर्माल्यासारखं पाण्यात सोडतो. फूल वाहून. वाडवडिलांपासून चालत आलंय ते."

"वाडवडील किती फवारायचे?"

"ते... एखादी फवारणी. कुणी तीही नाही."

"आणि यंदा?"

शेजारचा एक मळेवाला पुटपुटला, "यंदा आठवड्याआड चाललंय. आणि बोलावणं गेलं तेव्हा महाराजांनी निरोप धाडला, पिंप धुतलेलं पाणीपण सोडा, दोष राहायला नको."

"बरं," डॉक्टर म्हणाले. ते हंड्यापाशी गेले आणि त्यांनी झेंडूची फुलं बाजूला केली. खाली पाणी होतं मोरपिशी निळं. "महाराज, यात काय आहे?"

"सप्तनद्यांचं जल आहे, मूर्खा! नीलकंठानं स्पर्श केलेलं!"

"नीलकंठाला ते घशातच ठेवावं लागलं होतं, गिळलं नव्हतं. तुम्ही ह्या बाईला गिळायला लावताय. एक काम करा, आधी तुम्ही प्या."

"मी... माझं आज व्रत आहे."

"मग चेल्याला पाजा."

रामकिसन दोन पावलं मागे सरकला. त्या दोन पावलांनी जेवढं सांगितलं तेवढं पुढच्या कुठल्याही भाषणाने सांगितलं नसतं. पण गर्दीला ते पुरलं नाही. गर्दीला विळा लाल झालेला दिसला होता.

"मग विळा कसा लाल झाला?" एकाने विचारलं. "ते रक्त कुठून आलं?"

"राऊत, तुमच्या घरचा विळा कुठला यातला?" डॉक्टरांनी विचारलं. राऊतांनी शेंदूर माखलेला एक विळा दाखवला. "मंदाताई, घासा तो. राख आणि चिंच इथे आहेच. तेल पार गेलं पाहिजे."

"भगवान का अपमान!" महाराज ओरडले. "भस्म व्हाल!"

मंदा खाली बसली आणि तिने विळा घासायला घेतला. सकाळी कुत्रा गेलेली बाई होती ती, भस्माचं भय घालून थांबणारी नव्हती. नवरा "अगं, ऊठ" म्हणत होता तिकडे तिने लक्षच दिलं नाही. पाणी ओतून, पदराला पुसून तिने विळा डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी तो हंड्यात बुडवला, थोडं थांबले आणि वर काढला.

लाल. नवसीचा होता तितकाच लाल.

मागून एक पोरगा म्हणाला, "आयला, हरेश्वरभाऊच भुताळी!"

हसू फुटलं. घाबरलेलं, पण फुटलं. राऊतांचा चेहरा मात्र पांढरा पडला. मिनिटापूर्वी जो नियम नवसीला लागू होता, तो आता त्यांच्या दारात उभा होता.

"आता महाराजांचा चिमटा आणा," डॉक्टर म्हणाले.

"सिद्ध चिमटा आहे तो! हात लावाल तर..."

मंदाने तो उचलला, घासला आणि स्वतःच हंड्यात खुपसला. चिमट्याची दोन्ही टोकं लाल होऊन वर आली. डॉक्टरांनी शेवटी नवसीचा विळा मागून घेतला, राखेने परत घासून त्याचा लाल थर काढला, त्यावर रामकिसनच्या वाटीतलं तेल बोटाने चोळलं आणि तो बुडवून काढला. कोराच.

"रक्त नाही, काही नाही," ते म्हणाले. "हे मोरचुदाचं पाणी आहे. मोरचुदात तांबं असतं. स्वच्छ लोखंड त्यात घातलं की तांब्याचा पातळ थर त्याच्यावर बसतो. तेल लावलं तर पाणी लोखंडाला भिडत नाही, म्हणून थर बसत नाही. तुमच्या हत्यारांना तेल लावलं, बाईच्या हत्याराचं काढलं. एवढीच करामत. आणि हे पोटात गेलं की कुणीही ओकतो, भूत असो नसो. भुऱ्या ओकला. ही बाई तांब्याभर प्यायली असती तर ओकत ओकत मेली असती आणि तुम्ही घरी जाऊन म्हणाला असता, भूत फार जबर होतं."

मग ते राऊतांकडे वळले. "राऊत, मला एक सांगा. पिंपात औषध कालवल्यावर ते नीट झालं का, हे तुम्ही कसं ओळखता?"

राऊतांनी सवयीने उत्तर दिलं. जन्मभर केलेली गोष्ट, जिभेवरच होती. "विळा बुडवून बघतो. लाल झाला तर चुना कमी पडला. मग चुना वाढवायचा आणि..."

आणि ते थांबले.

सगळे मळेवाले थांबले. त्यांच्यातला प्रत्येकजण दर पावसात पिंपाशी उभा राहून हेच करत आला होता. विळा घालायचा, लाल झाला की म्हणायचं, "चुना आण रे अजून." कुणी तिथे नमस्कार केला नव्हता. कुणी पिंपाला विचारलं नव्हतं की भुताळी कोण.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," डॉक्टर म्हणाले.

"मळ्यातली गोष्ट वेगळी," राऊत अगदी मनापासून म्हणाले, "देवळातली वेगळी."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात खरोखरच दोन खोल्या होत्या आणि मधलं दार बंद होतं. मळ्याच्या खोलीत तो हुशार, चौकस, बोटाने चुन्याचा अंदाज घेणारा. देवळाच्या खोलीत शिरताना मात्र तो डोकं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा. अडाणी माणसं फसतात असं म्हणतात. बकवास आहे. ज्यांना उत्तर माहीत होतं तीच माणसं फसली, आणि त्यांच्या फसण्याची किंमत एका बाईने द्यायची होती.

या गडबडीत महाराज सटकले. चिमटा तिथेच टाकून. रामकिसन दक्षिणेचं ताट मात्र विसरला नाही. पुढे ते वापीकडे बसतात असं कानावर आलं. तिकडेही लोखंड आहे आणि तिकडेही डोकं बाहेर ठेवणारी माणसं आहेत, तेव्हा धंदा बरा चालला असणार.

"मग आता उरलेलं औषध करायचं काय?" राऊतांनी विचारलं. आवाज पडला होता. "पायदळी घालवत नाही हो."

"उरतंच का?" डॉक्टर आता खरे चिडले. "वेली मोजून कालवा. थोडं उरलं तर पातळ करून मळ्यातच, वेलींवरच संपवा, पाण्यापासून लांब. पिंप धुतलेलं पाणीही तिथेच. चुना बरोबर घातलात तरी माशांना आणि बेडकांना ते विषच आहे, बावखलात एक थेंब जाता कामा नये. आधीच भरपूर गेलंय, तेव्हा पाणी तपासून घेईपर्यंत तिथे एकही जनावर सोडू नका. फवारणीच्या दिवशी कुत्री, शेळ्या, कोंबड्या बांधून ठेवा. पानांवरचं औषध वाळेपर्यंत सोडू नका. पिंपाला झाकण ठेवा. फवारणीच्या बादलीत गुरांना पाणी पाजू नका, पाजता ना? मला माहीत आहे. मोरचुदाची पिशवी कुलपात ठेवा. देव्हाऱ्यात ठेवता, तिथे पोरांचे हात पोचतात. आणि एखादं जनावर प्यायलंच, तर बुवा शोधू नका. पिशवी उचला, जनावर उचला आणि दवाखान्यात या."

"मी सांगितलं होतं काल, भुऱ्याला मळ्यात नेऊ नका," मंदा नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही म्हणालात, लक्ष्मी आपल्या माणसांचं वाईट करत नाही."



गर्दी पांगली. कुणी विळे गोळा करत होतं, कुणी महाराजांना शिव्या घालत होतं. थोड्या वेळापूर्वी तेच चांगभलं म्हणत होते. नवसीपाशी कुणी गेलं नाही. ती अजून तशीच उकिडवी होती. डॉक्टरांनी तिला उठवायला हात पुढे केला तेव्हा तिने आधी तो हात बघितला, मग त्यांचं तोंड.

"डाक्टर," ती म्हणाली, "तुमी आता पालघरला जाशाल. उद्या कोणाची कोंबडी मेली तं?"



"मी बोलेन," मंदा म्हणाली.

नवसीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, हे ती ठरवत होती. मग ती उठून ओहळाकडे चालू लागली.

मंदाने शब्द पाळला. बावखलात विसर्जन बंद झालं, तेही तिने एकेका मळेवाल्याच्या दाराशी बसून भांडून बंद करवलं. दोन पावसाळ्यांनी बेडूक परत आले. पण दिवाळीच्या आधीच नवसी तिच्या शेळ्या घेऊन मनोरकडे दिलेल्या लेकीकडे निघून गेली. तिला कुणी हाकललं नव्हतं. कुणी थांब असंही म्हटलं नव्हतं. राऊतांच्या गोठ्याला गवत आणायला दुसरी बाई आली.

वाचणाऱ्या बाबांनो आणि बायांनो, तुम्हाला विज्ञानाची मोठी पुस्तकं वाचा असं मी सांगत नाही. तुम्हाला पुष्कळ काही आधीच ठाऊक आहे. शेतात, स्वयंपाकघरात, कारखान्यात रोज वापरता ती अक्कल देवळाच्या पायरीवर काढून ठेवू नका, एवढंच म्हणणं आहे. जनावर मेलं तर आधी पाणी बघा. मग औषधाचं पिंप बघा, स्वतःचे हात बघा. एवढं करूनही काही सापडलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आणि कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं तर मान फिरवू नका. त्या बोटाच्या आणि त्या बाईच्या मध्ये जाऊन उभे राहा, डॉक्टर यायची वाट न बघता.